निर्हेतुक भेटीचा दाखला

माणूस हा समाजप्रिय प्राणी आहे, हे तत्त्व आता बहुतेक सर्व प्रगत राष्ट्रांनी मान्य केलेलं आहे. मतभेद उरले आहेत ते फक्त कार्यपद्धतीबद्दल. काही मुलखांत अजूनही असं चालतं की एकाला दुसऱ्याची आठवण झाली की तो उठतो, पायात वहाणा सरकवतो आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. यात राष्ट्राचे किती तास वाया जातात याची नोंद त्या मुलखांत कोणी ठेवलेली नाही (एकाने ठेवायला घेतली होती, पण तेवढ्यात शेजारी आले). होहेनलाउटर या गावाने मात्र हा प्रश्न कायमचा निकालात काढला होता. तिथे कोणी कोणाकडे जातच नसे.

इतका निकोप समाज परदेशातून आलेल्या पोरांच्या पचनी एकदम पडत नाही. म्हणून तिथल्या विद्यापीठाने त्यांच्यासाठी ‘जर्मन भाषा, संस्कृती आणि दैनंदिन जीवन’ हा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला होता, आणि तो शिकवायला डॉ. एकहार्ट नेफ यांना नेमलं होतं. नेफसाहेब सत्तावन्न वर्षांचे, एकटे आणि अतिशय सज्जन गृहस्थ. अकरा वर्षांत ते वर्गावर एकदाही उशिरा आले नव्हते. लवकरही आले नव्हते. चुकून लवकर पोचलेच तर दाराबाहेर घड्याळाकडे बघत उभे राहत आणि ठरल्या मिनिटाला, जणू आत्ताच आलो अशा चेहऱ्याने, आत शिरत.

अभ्यासक्रमाचे धडे चोवीस. भाषा पहिल्या पाचांतच उरकलेली असे, कारण त्याहून जास्त भाषा बोलायची कोणाशी, असा नेफसाहेबांचा रोकडा अनुभव होता. सहा ते नऊ कचरा. निळ्या काचेची बाटली हिरव्या बाटल्यांच्या डब्यात टाकावी, दह्याच्या डबीचं झाकण डबीपासून वेगळं करावं, चहाच्या पुडीतला चहा एकीकडे आणि पुडीचा दोरा दुसरीकडे (पुडीला टाचणी असल्यास तज्ज्ञांत दोन मतं आहेत). त्यानंतर खिडकी. ती हिवाळ्यात दिवसातून तीनदा सताड उघडावी, बाहेर उणे आठ असलं तरी, कारण थंडीने फक्त माणूस आजारी पडतो, कोंदट हवेने भिंत खराब होते. मग शांतता, तिचे प्रकार तीन: दुपारची, रात्रीची आणि रविवारची. वाढदिवसाचा धडा निराळा. त्यात केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, आणि शुभेच्छा एक दिवसही आधी द्यायच्या नाहीत, कारण त्याने माणसाचं वाईट होतं (देश विज्ञाननिष्ठ आहे, पण उगाच धोका कशाला पत्करा?).

अकराव्या धड्यात ठळक अक्षरांत एक नियम होता: ‘वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्याही दारी जाऊ नये.’ सतराव्या धड्याचं नाव ‘ओळखीपाळखी’ होतं, आणि त्याच्या शेवटी नमुना क्रमांक नऊ जोडलेला असे, म्हणजे ‘निर्हेतुक भेटीचा दाखला’. त्यावर एका तरी स्थानिक रहिवाशाने लिहून द्यायचं, की सदर विद्यार्थी आणि मी किमान तीन वेळा (अ) वेळ न ठरवता आणि (आ) कोणत्याही कामाशिवाय भेटलो आहोत. या अटींमागचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. दंतवैद्यही वेळ ठरवून भेटतो, त्याला कोणी मित्र म्हणत नाही. पोलीस वेळ न ठरवता येतात, पण कामाला येतात. दोन्ही चाळण्यांतून खाली जे उरेल तीच खरी ओळख. अकरावा आणि सतरावा हे दोन्ही धडे नेफसाहेबांनीच लिहिले होते. ते वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवले जात असल्यामुळे त्यांची एकमेकांशी गाठ कधी पडली नव्हती.

आकडेवारी सांगायची तर अकरा वर्षांतल्या सहाशे अडतीस विद्यार्थ्यांपैकी सहाशे एक जणांना नमुना नऊमधून ‘तात्पुरती सूट’ मिळाली होती. पस्तीस जणांना खोलीत सोबत राहणाऱ्यांनी सह्या दिल्या होत्या (न्हाणीघर एकच असलं की भेटी वेळ न ठरवताच होतात). उरलेल्या दोघांनी दाखल्याऐवजी लग्नाचं प्रमाणपत्र सादर केलं. त्यांतलं एक फेटाळलं गेलं, कारण नवराबायको पहिल्यांदा वेळ ठरवून भेटले होते.

त्या वर्षी मात्र वरून तपासणी आली आणि सूट बंद झाली. एकतीस मार्चला दुपारी बारापर्यंत दाखला नाही, तर पुढच्या सत्राला प्रवेश नाही. प्रवेश नाही तर राहण्याचा परवाना नाही, आणि परवाना नाही तर विमानतळ. अभ्यासक्रमाच्या कमिटीने हे विद्यार्थ्यांना अतिशय प्रेमळ भाषेत पत्राने कळवलं.

सोलांज एकाम्बी ते पत्र घेऊन नेफसाहेबांच्या खोलीत आली, अर्थात वेळ ठरवून. ती कॅमेरूनच्या दुआला शहरातली, पाणीपुरवठ्याची अभियंता व्हायला आलेली, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी. कचऱ्याच्या परीक्षेत तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण होते (दोन टाचणीत गेले).

“सर, मी एकटीच राहते. सही कोणाची आणू?”

“शेजाऱ्यांची.”

“शेजारी जिन्यात भेटतात. नमस्कार म्हणतात आणि लगेच खिशात किल्ली शोधायला लागतात. किल्ली हातातच असते.”

“ती सभ्यता आहे.”

“मग ओळख व्हायची कशी?”

“सतरावा धडा पुन्हा वाच.”

“वाचला, सर. त्यात लिहिलंय, सहज जावं. अकराव्यात लिहिलंय, जाऊ नये.”

“दोन्ही पाळ,” नेफसाहेब म्हणाले. आपण काही चमत्कारिक बोललो असं त्यांना वाटलं नाही. ते स्वतः गेली कित्येक वर्षं दोन्ही पाळत होते.

इथे एक बाब नोंदवली पाहिजे. सोलांज ज्या घरात तळमजल्यावर राहत होती, त्या म्यूलगास गल्लीतल्या चौदा नंबरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर नेफसाहेबच राहत होते. दोघांनाही हे ठाऊक होतं. पण विषय कचेरीतला होता आणि घर हे घर होतं, म्हणून घराचा उल्लेख कोणी केला नाही.

सोलांज जिद्दीची होती. पुढल्या शनिवारी दुपारी चारला, म्हणजे शांततेची वेळ संपल्यावर आणि संध्याकाळच्या गार पाव-चीजच्या जेवणाची वेळ होण्याआधी, तिने दुसऱ्या मजल्यावरच्या ब्रेंडलेबाईंची बेल वाजवली. ब्रेंडलेबाई एकाहत्तर वर्षांच्या, विधवा, एकेकाळी टोप्यांचं दुकान चालवणाऱ्या. नेफसाहेब त्या वेळी जिन्यात होते, म्हणून पुढचं सगळं त्यांच्या कानावर आलं.

“काय झालं?” बंद दारामागून आवाज आला. “पाणी गळतंय का?”

“नाही हो.”

“मग आग?”

“नाही, नाही. सहज आले.”

दारामागे साखळी अडकवल्याचा आवाज आला.

“सहज म्हणजे कोणत्या कामासाठी?”

“काही काम नाही. भेटायला.”

“अरे देवा,” ब्रेंडलेबाई हळूच म्हणाल्या, “कोण गेलं?”

सोलांज खाली परतली. नेफसाहेबांना किल्ली सापडत नव्हती.

तोडगा निघाला तो मिर्कोमुळे. मिर्को हा त्या भागात पार्सलं पोचवणारा, पन्नाशीचा, एका गुडघ्याने अधू आणि दोन्ही डोळ्यांनी चलाख माणूस. आता, होहेनलाउटरमध्ये पार्सलाचा मालक घरी नसला तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवायचं आणि मालकाच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकायची, अशी जुनी रीत आहे. शेजारी ते सांभाळतो, मालक येऊन घेऊन जातो आणि जाताना आभारादाखल चॉकलेट देतो. या रीतीचा एक पैलू मात्र कोणत्याही अभ्यासकाने आजवर उजेडात आणलेला नव्हता. तो असा की साऱ्या गावात दुसऱ्याची बेल वेळ न ठरवता वाजवण्याचा हा एकमेव सभ्य मार्ग होता.

“ताई, वरच्या बाईंचं ठेवता का?” मिर्कोने नोव्हेंबरात एके दिवशी सोलांजला विचारलं. ती अभ्यासासाठी दिवसभर घरीच असे. तिने ठेवून घेतलं.

पाच वाजता ब्रेंडलेबाई आल्या, हातात चिठ्ठी आणि चॉकलेट घेऊन. दारात उभ्या राहिल्या चार मिनिटं. सोलांज तेव्हा पिठाचे गोळे तळत होती, तिच्या गावी दाण्याच्या चटणीबरोबर खातात तसे. तिने एक बशी पुढे केली. ब्रेंडलेबाई म्हणाल्या, छे छे, मी थांबत नाही, आणि तीन खाल्ले. आठवड्याभराने त्यांचं दुसरं पार्सल आलं, त्यातही टोपीच. त्या अकरा मिनिटं थांबल्या, त्यांतली सात बसून. तिसऱ्या पार्सलाच्या वेळी त्या म्हणाल्या, “आल्याचा चहा तो तुमचा, जरा जास्तच तिखट आहे हं. अजून आहे का?” आणि पाचव्या पार्सलापासून त्यांनी ‘तुम्ही’ सोडून ‘अगं’ सुरू केलं. त्या घरात असं पाऊल उचलायला पूर्वी सरासरी चौदा वर्षं लागत.

मग पहिल्या मजल्यावरचे ओस्टरटाग आले. हे निवृत्त भूमापक, शहात्तर वर्षांचे. उभ्या आयुष्यात त्यांनी टपालाने काही मागवलं नव्हतं. त्यांनी पातळी तपासायचा स्पिरिट लेव्हल मागवला. त्यांच्याकडे आधीचे सात होते. सोलांजच्या टेबलावर त्यांनी आठवा ठेवून पाहिला आणि टेबल तीन मिलिमीटरने कललंय असं निदान केलं. ते दुरुस्त करायला त्यांना चार खेपा लागल्या, आणि प्रत्येक खेपेला एक पार्सल.

चौदा नंबरच्या घरातल्या पार्सलांचा तक्ता पुढे कमिटीपुढे आला तो असा: ऑक्टोबरमध्ये नऊ, नोव्हेंबरमध्ये एकतीस, जानेवारीत चौऱ्याहत्तर, फेब्रुवारीत एकशे अठरा (डिसेंबर नाताळामुळे ग्राह्य धरलेला नाही). घरात बिऱ्हाडं सहा. याच काळात, सोलांज वगळता, दुपारी तीन ते पाच या वेळेत घरी असणाऱ्या रहिवाशांची संख्या पाचावरून शून्यावर आली. त्यांचं सरासरी वय अडुसष्ट होतं आणि बाहेर बर्फ होतं.

“कमालच आहे,” मिर्को एकदा सोलांजला म्हणाला, “मी गल्लीत शिरतो तेव्हा खिडकीत सगळी तोंडं दिसतात. बेल वाजवली की घरात चिटपाखरू नाही. काय खातात काय ही माणसं, अदृश्य व्हायला?”

नेफसाहेब हे सारं वरून पाहत होते, अर्थात निव्वळ अभ्यासकाच्या दृष्टीने. संध्याकाळी खालून हसण्याचा आवाज येई. तो शांततेच्या कोणत्याच वेळेत बसत नसल्यामुळे तक्रारही करता येत नव्हती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अभ्यासाची व्याप्ती वाढवायची ठरवलं आणि बुटाच्या नाड्या मागवल्या.

नाड्या आल्या त्या दिवशी ते पावणेतीनपासून घरात तयारीत होते. बूट काढून, पायमोज्यांवर, श्वास रोखून ते दाराआड उभे राहिले. मिर्कोने बेल दाबली. नेफसाहेब हलले नाहीत. त्याने पुन्हा दाबली. डॉ. एकहार्ट नेफ, ज्यांनी आयुष्यात एकाही घंटेचा अनादर केला नव्हता, ते स्वतःच्याच घरात चोरासारखे उभे होते. मिर्को लंगडत खाली उतरला. तेव्हा त्यांना जाणवलं की खालच्या मजल्यावरही कोणीतरी दार न उघडण्याचं काम तितक्याच मन लावून करतंय.

पाच वाजता ते चिठ्ठी घेऊन सोलांजकडे गेले. ब्रेंडलेबाई आधीच येऊन बसल्या होत्या. कोणी कोणाला काही विचारलं नाही. नेफसाहेबांनी पाच गोळे खाल्ले आणि लहानपणी नदीत बुडता बुडता वाचल्याची हकीकत सांगितली. ती त्यांनी आजवर कोणालाही सांगितली नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती.

“आज काय आलं, सर?” महिन्याभराने सोलांजने विचारलं.

“नाड्या.”

“परवाही नाड्याच होत्या.”

“त्या तपकिरी होत्या,” नेफसाहेब म्हणाले.

मार्चच्या सुरुवातीला सोलांजने नमुना नऊ कमिटीकडे दिला. त्यावर ब्रेंडलेबाईंची सही होती आणि भेटींच्या रकान्यात तीनऐवजी एकेचाळीस हा आकडा होता. कमिटीत सदस्य तीन: अध्यक्ष नेफसाहेब, विधी विभागाच्या डॉ. हार्मसेनबाई आणि एक प्राध्यापक, ते सदैव रजेवर असत आणि त्यामुळे त्यांचं मत नेहमी बहुमताबरोबर धरलं जाई.

हार्मसेनबाई कायद्याला पक्क्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “नेफसाहेब, या बाई पार्सल घ्यायला गेल्या होत्या. पार्सल घेणं हे काम आहे. म्हणजे अट (आ) मोडली. एकेचाळीस वेळा मोडली.”

“पण त्या अर्धा अर्धा तास बसायच्या,” नेफसाहेब म्हणाले.

“तुम्हाला कसं ठाऊक?”

नेफसाहेबांनी समोरची फाइल टेबलाच्या कडेला समांतर केली.

हार्मसेनबाई कायद्याला पक्क्या असल्या तरी दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथे पुरवणी नमुना नऊ-ब तयार केला. त्यात रहिवाशाने एवढंच लिहून द्यायचं होतं: ‘पार्सल आलं तेव्हा मी घरातच होतो/होते. बेल मला ऐकू आली. मी हेतुपुरस्सर दार उघडलं नाही. मागवलेल्या वस्तूची मला गरज नव्हती. सबब, पार्सल हे भेटीचं कारण नसून भेट हे पार्सलाचं कारण होतं.’ खाली सही, तारीख आणि पूर्ण पत्ता. इतका निर्दोष मसुदा त्या विद्यापीठात बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. सोलांज तो घेऊन जिना चढली.

ब्रेंडलेबाईंनी तो दोनदा वाचला.

“अगं, हे फायलीत राहील का?”

“हो, दहा वर्षं.”

“म्हणजे मी… मी एकटी पडलेय म्हणून टोप्या मागवत होते, असं लिहून द्यायचं? माझी सून वाचेल ना कधीतरी.” मग त्या ताठ झाल्या. “आणि मला टोप्या लागतात. खूप लागतात. थंडी बघतेस ना?” आणि दार लावून घेतलं. दारामागे त्या रडत होत्या, पण तो आवाज नियमांत बसेल इतका बारीक होता.

ओस्टरटाग म्हणाले, “काय गं, मी घरात होतो असं कोण म्हणतं? मी न्हाणीघरात होतो.” सोलांजने विचारलं, प्रत्येक वेळी? ते म्हणाले, “या वयात हेच होतं.” बाकीच्या बिऱ्हाडांची दारं उघडलीच नाहीत, आणि या वेळी ती खरोखरच कोणाला भेटायचं नव्हतं म्हणून उघडली नाहीत.

तीस मार्चला पाच वाजता नेफसाहेब खाली गेले. हातात नेहमीप्रमाणे चिठ्ठी होती. सोलांजच्या खोलीत दोन पेट्या उघड्या होत्या आणि पलंगावर कपड्यांचे ढीग. तिने कोपऱ्यातलं पार्सल उचलून त्यांच्या हातात दिलं, पण बसा म्हणाली नाही.

“कोणीच लिहून देत नाही, सर. उद्या बारापर्यंतच आहे.”

“लोकांना संकोच वाटतो.”

“मला नाही वाटला? परक्या गावात दारोदार फिरून माझ्याशी ओळख करा म्हणायला?” तिचा आवाज चढला. “माझ्या आईने गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, पोरगी जर्मनीत शिकतेय म्हणून. आता काय सांगू? टोप्या, नाड्या आणि स्पिरिट लेव्हल सांभाळले, आणि परत आले?”

नेफसाहेबांनी पार्सल या हातातून त्या हातात घेतलं.

“तुम्ही कशाला येत होतात, सर? खरं सांगा.”

“नाड्यांसाठी,” नेफसाहेब म्हणाले.

सोलांजने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पेटी भरायला घेतली. नेफसाहेब वर आले, कपाट उघडून उभे राहिले. आत नाड्यांचे छत्तीस जोड होते, काळे, तपकिरी, आणि एक हिरवा. त्यांच्याकडे बूट दोनच. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते खिडकी उघडायलाही विसरले, आणि हे त्यांच्या बाबतीत अकरा वर्षांत प्रथमच घडलं. अभ्यासक म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून नव्हे, ती पोरगी जाईल याचं त्यांना साधं, सरळ दुःख होत होतं.

एकतीस तारखेला पावणेबाराला ते कमिटीपुढे आले, आणि आल्या आल्या नियम चार-क अन्वये त्यांनी अध्यक्षपद दहा मिनिटांसाठी सोडलं. मग टेबलाला वळसा घालून समोरच्या, विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसले आणि नमुना नऊ-ब हार्मसेनबाईंपुढे सरकवला. छापील मजकुराखाली जागा उरली होती, तिथे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मी दाराआड उभा होतो. एकूण छत्तीस वेळा. मला नाड्या नको होत्या. माझ्याकडे वीस वर्षांत कोणी आलेलं नाही आणि मीही कोणाकडे गेलेलो नाही. या मुलीच्या खोलीत मला बरं वाटायचं. नेफ.’

हार्मसेनबाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. घड्याळात बाराला चार मिनिटं कमी होती.

“‘बरं वाटायचं’ याची व्याख्या नियमावलीत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही,” नेफसाहेब म्हणाले, “मीच घातली नव्हती.”

हार्मसेनबाईंनी शिक्का मारला. मग फाइल बांधता बांधता, वर न बघता, त्यांनी विचारलं, “तुमच्या त्या घरात एखादी खोली रिकामी व्हायची आहे का हो?”

सोलांजला प्रवेश मिळाला. गोष्ट इथे सुखाने संपली असती, पण फाइल कधी इथे संपत नसते. तिची एक प्रत रीतीप्रमाणे घरमालक संस्थेकडे गेली. संस्थेने तिचा सहानुभूतीने विचार केला आणि अनुमान काढलं, की चौदा नंबरमधल्या वयोवृद्ध रहिवाशांना पार्सलं मिळवण्यासाठी छत्तीस-छत्तीस वेळा जिना उतरून शेजाऱ्याच्या दारी जावं लागतं, ही अत्यंत खेदजनक गैरसोय आहे. पंधरा दिवसांत गल्लीच्या तोंडाशी पिवळं लोखंडी कपाट उभं राहिलं. मिर्को त्यात पार्सल टाकतो, मालक आकडे दाबून काढून घेतो, कोणाला कोणाचं तोंड बघावं लागत नाही. विद्यापीठाने अभ्यासक्रमात पंचविसावा धडा घातला, ‘शेजारधर्म आणि लोखंडी कपाट’. तो लिहायचं काम अर्थातच नेफसाहेबांकडे आलं.

अठरा एप्रिलला पाच वाजता नेफसाहेब तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले. हातात चिठ्ठी नव्हती, चॉकलेट नव्हतं, पार्सल तर नव्हतंच. सोलांजच्या दारासमोर ते पंचवीस मिनिटं उभे होते. या काळात त्यांनी चार वेळा हात वर केला आणि खाली घेतला, एकदा जिना अर्धा चढून परत आले. वरच्या दोन दारांच्या फटींतून त्यांच्याकडे कोणी कोणी बघत होतं आणि त्यांच्या बोटाची वाट पाहत होतं. शेवटी त्यांनी बेल दाबली. सोलांजने दार उघडलं, त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता बाजूला झाली. दहा मिनिटांत ब्रेंडलेबाई आल्या, त्यांच्यामागून ओस्टरटाग.

एक साधी बेल दाबायला सत्तावन्न वर्षांच्या शिकल्यासवरल्या माणसाला पंचवीस मिनिटं लागावीत, याचं मराठी वाचकाला हसू येईल, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे असलं काही नाही. आपण माणसांची माणसं. आपल्याकडे घरच्या दाराची बेल अवचित वाजली की आतल्या खोलीतून लगेच आवाज येतो, “काही मागवलंयस का गं?” स्वयंपाकघरातून उत्तर येतं, “नाही बाई, तुम्ही?” मग दोघंही जागच्या जागी थांबतात, टीव्हीचा आवाज कमी होतो, आणि बाहेर जो कोणी उभा असेल तो कंटाळून परत जाईपर्यंत घरात कोणी हलत नाही.